गच्चीवरची छत्री

रुचितानं ज्याला एवढे प्रश्न विचारले तो दुकानदार नव्हताच, हे तिला पंधरा मिनिटांनी कळलं. तोवर घरातलं सगळं सांगून झालं होतं.

बूढापारा या जुन्या वस्तीत, तलावाकडून आतल्या गल्लीत वळलं की जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारं एक लहानसं दुकान आहे. जमिनीपासून छतापर्यंत कीबोर्ड, पंखे, वायरींची भेंडोळी. डिसेंबरची दुपार होती. काउंटरच्या आतल्या बाजूला एक उंचसा तरुण खोक्यात वाकून काहीतरी शोधत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर धूळ.

"भैया, टीवी वाला कार्ड है क्या? जो कंप्यूटर में लगता है?" तिनं विचारलं.

"केबल वाला, या छतरी वाला?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"छतरी वाला. एचडी दिखना चाहिए."

आता त्यानं मान वर केली. "एचडी क्यों?"

दुकानदारानं असं विचारावं? तिला गंमत वाटली. पण त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता. खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखा तो थांबला होता, हातातली वायर तशीच धरून. ती उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो आई... दुकानातच आहे. बाबाले म्हण, आज नाही मिळालं तर उद्या पाहू. आन् डोळ्यात औषध टाकलं का त्यायनं? ...काहून नाही टाकलं?"

फोन ठेवून तिनं पाहिलं, तर तो हसत होता.

"मराठी?"

"हो. तुम्हीबी?"

"घरी मराठीच चालते. बाहेर सगळी हिंदीच, मराठी कोनी बोलत नाही म्हणून..." तो खोक्यामागून बाहेर आला. "काय झालं डोळ्याले?"

आणि मग रुचितानं सांगायला सुरुवात केली. तिचे बाबा, लहानू रामटेके, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रुचिता स्वतः गोल बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. तिनंच मागं लागून त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश, रुचिता खूश. आणि बाबांनी घरी येऊन टीव्ही लावला!

"म्हणतात, डोळा बिघडवला. टीव्ही भुरकट दिसते. पहिले असा नव्हता दिसत."

"म्हणजे... पहिले डोळाच भुरकट होता, म्हणून टीव्हीचा भुरकटपना समजत नव्हता?"

"बस्स! हेच सांगून राहिली मी त्यायले. ऐकतच नाही. म्हणतात, टीव्ही तर बारा वर्षांपासून हाच आहे, नवीन काय झालं? डोळा."

"मग तो तक्ता असते ना, अक्षरांचा? तो दाखवायचा."

"तक्ता पाठ आहे त्यायचा. मी शिकत असताना त्यायच्यावरच तर सराव केला. डोळे मिटूनबी शेवटची ओळ म्हणून दाखवतात."

तो मोठ्यानं हसला. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आन् दुसरा डोळा?"

तिला बरं वाटलं. एवढं ऐकून नेमकं तेच विचारणारा तो पहिलाच होता. दुसऱ्या डोळ्याची तारीख बारा दिवसांवर होती आणि बाबा नाही म्हणत होते. तिकडचा मोतीबिंदू पिकत चालला होता, आता थांबण्यात अर्थ नव्हता. नवा टीव्ही आणायचं म्हटलं तर चालता टीव्ही काहून फेकायचा, म्हणून बसले. इंटरनेटवर लावून दाखवलं तर त्यांच्या वस्तीत नेट असं, की चित्र दोन मिनिटं चालतं आणि दहा मिनिटं गोल गोल फिरतं. शेवटी हैदराबादला नोकरी करणाऱ्या तिच्या भावानं, इंद्रजीतनं, फोनवर सुचवलं की माझा कॉम्प्युटर पडून आहे, मोठी स्क्रीन आहे, डिशची छत्री गच्चीवर आहेच, कार्ड टाका.

"सरकारी चॅनेल एचडीत फुकट येते म्हणे. टीव्हीजवळचा जुना डबा ते पकडत नाही. खरं आहे का?"

"एकदम खरं." त्याचे डोळे चमकले. "फक्त सरकारी नाही. आकाशात कितीतरी असेच उघडे पडून आहेत. छत्री थोडी फिरवली की दुसऱ्याच देशाचे. कधी कधी बातम्या सुरू व्हायच्या आधीचं सापडते, बाई केस विंचरून राहिली असते, तिले माहीतच नसते कोनी पाहून राहिलं म्हणून. मी वहीत लिहून ठेवतो."

"कायले?"

"कायले म्हणजे..." तो अडखळला. "माहीत नाही. सापडते म्हणून."

तेवढ्यात दारातून चहाचे दोन ग्लास घेऊन एक जाडसे गृहस्थ आत आले. "क्या यशदीप, मिला क्या?" म्हणत त्यांनी एक ग्लास त्याच्या हातात दिला आणि रुचिताकडं वळले. "हां दीदी, बोलिए, क्या चाहिए?"

रुचितानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा याच्याकडं.

"मी... मी पण कार्डच शोधून राहिलो होतो," यशदीप ग्लासात पाहत म्हणाला. "दुकान बंडूभैयाचं आहे."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं, मी उत्तर दिलं. आन् मग... गोष्ट चांगली होती."

तिला राग यायला हवा होता. आलं हसू, आणि ते लपवायला ती वायरींच्या भेंडोळ्यांकडं पाहत राहिली. कार्ड दुकानात एकच निघालं. यशदीपनं ते खोक्यातून काढलं, बाहीनं पुसलं आणि तिच्या पुढं ठेवलं.

"तुम्ही न्या. मले फक्त एक... लावताना मले पाहू द्याल?"

---

रविवारी सकाळी तो बीरगावहून स्कूटरवर आला. उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये तो मीटर आणि सेन्सर सांभाळायचं काम करायचा, त्यामुळं पिशवीत हत्यारं व्यवस्थित होती. पाने, टेस्टर आणि एक होकायंत्र.

"जयभीम काका," तो दारातूनच म्हणाला.

"जयभीम. या." लहानूंनी उजवा डोळा बारीक करून त्याला न्याहाळलं. "मूळ गाव कोनतं?"

"पवनी. भंडाऱ्याकडचे."

"आम्ही तुमसरचे. बसा. तुम्ही येऊन राहिले, चांगलं आहे. पन सांगून ठेवतो, दोष टीव्हीत नाही. दोष इथं आहे." त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडं बोट दाखवलं.

आतून रुचिताची आई, कमला, म्हणाली, "पहिले पोहे खाऊ द्या पोराले. मग दाखवा डोळा."

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तेव्हा दोघंही एकाच वेळी वाकले. आत तीन वर्षांची धूळ होती. यशदीप प्रत्येक भागाकडं असा पाहत होता, जसं कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर भिंतीवरचे फोटो पाहावेत. रुचिता विचारत होती आणि तो सांगत होता. हे काय? हे काहून? ही फट रिकामी कशी? कार्ड खाचेत टक्कन बसलं. प्रोग्राम चढवला. स्क्रीनवर दोन पट्ट्या आल्या, एक स्ट्रेंथ, एक क्वालिटी.

"पहिली पाहू नका," तो म्हणाला. "ती नुसती सांगते की वायर जिवंत आहे. खरी दुसरी."

दुसरी होती अकरा टक्के.

"माकडांनी छत्री हलवली असन. जुन्या डब्याले अकरात भागते, एचडीले नाही भागत. मी वर जातो. तुम्ही फोनवर आकडा सांगा."

गच्चीवर कमलानं बड्या वाळत घातल्या होत्या, कोहळ्याच्या, सांडग्यांसारख्या पांढऱ्या बड्यांच्या रांगाच रांगा. "बड्यांवर पाय देऊ नका!" एवढं ओरडून रुचिता स्क्रीनसमोर बसली. फोन कानाला.

"सांगा."

"अकरा."

"आता?"

"नऊ. उलटं फिरवून राहिले तुम्ही."

"आता?"

"चौदा... एकोणीस... एकोणीसच."

"आता?"

"तेवीस. काय करून राहिले?"

"दक्षिणेकडून पूर्वेकडं सरकवून राहिलो. केसभर. तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू? आकडा तर तोच आहे."

"तोच सांगा. आवाज आला की बरं वाटते. वर एकटाच आहे ना मी... बड्या आहेत फक्त."

तिनं ओठ दाबले. बाबा शेजारीच बसले होते. "तेवीस," ती फोनमध्ये म्हणाली. "अजून तेवीस. तेवीस... अरे! एकेचाळीस!"

"थांबा, श्वास घेऊ नका."

"मी श्वास घेतल्यानं काय होते?"

"तुमच्या घेण्यानं माझा हात हलते," तो म्हणाला. आणि मग दोन्हीकडं काही क्षण नुसताच वारा ऐकू आला. गच्चीवरचा असावा.

"बहात्तर," ती हळूच म्हणाली.

तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला, हाताला गंज, केसांत जाळं. चॅनेल सापडले. यादीत एचडी लिहिलेलं दिसलं. रुचितानं क्लिक केलं. आवाज आला, स्वच्छ. चित्र आलं... आणि अडकलं. पुन्हा हललं, तुकड्या-तुकड्यांनी फुटलं, पुन्हा अडकलं. निवेदिकेचं तोंड उघडं ते उघडंच, आणि आवाज मात्र पुढं निघून गेलेला.

यशदीपनं सगळं करून पाहिलं. दुसरा प्रोग्राम, दुसरं चॅनेल. सिग्नल बहात्तरवर ठाम आणि चित्र तरी फुटतच होतं.

लहानू उठले. "पाहा. कॉम्प्युटरवर तर अजूनच खराब. डोळाच गेला, माय. तू कायले धावून राहिली?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या तारखेभोवती रुचितानं लाल गोल केला होता. "त्या दवाखान्यात फोन करून दे. मी नाही येत. एक तरी डोळा ठेवा मले."

ते आत निघून गेले.  इतके दिवस रुचितानं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. यशदीपला दारापर्यंत सोडायला गेली तेव्हा ती तिच्या तोंडून निघून गेली.

"मले भीती वाटते... खरंच त्यायचा डोळा बिघडला असन तर? मीच नेलं होतं."

यशदीपनं स्कूटरची चावी लावली नाही. "तुम्ही तपासलं का?"

"चारदा."

"मग बिघडला नाही. चित्र का फुटते ते मले माहीत नाही. पण माहीत करून घेतो."

---

बुधवारी तो गोल बाजारात तिच्या दुकानात हजर झाला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या हातात वहीची चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"सगळं वाचलं मी. कार्ड बरोबर. सिग्नल बरोबर. एचडीचं चित्र दाबून, घडी करून पाठवतात. कॉम्प्युटरले ती घडी उलगडावी लागते. तुमच्या कॉम्प्युटरचा मेंदू जुना, त्याले झेपत नाही. त्या कामाचं वेगळं कार्ड असते, ग्राफिकचं. पण तेबी तर आहे तुमच्याकडं! मी पाहिलं, मोठं पंख्यावालं. मग ते काम काहून करत नाही?"

"एवढं सांगायले बीरगावहून आले? फोन होता ना."

 तो मागच्या तपासणीच्या खुर्चीकडं पाहून म्हणाला, "डोळेबी तपासायचे होते."

"कधी तपासले होते?"

"कधीच नाही."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, काचा बदलून पाहायची रिकामी ट्रायल फ्रेम नाकावर चढवली. त्याच्या कानामागं दांडी बसवताना तिची बोटं जरा जास्तच सावध झाली. "समोर पाहा. हे बरं, की... हे बरं?"

"ही काच काय करते?"

"पहिले सांगा."

"हे बरं. पण ती काय करते?"

"तुम्ही असे प्रश्न सगळ्यांनाच विचारता का?"

"नाही," तो म्हणाला. "सगळे सांगत नाहीत."

तिनं काच फिरवली, थोडी तिरकी, अजून थोडी. त्याच्या दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा, म्हणजे तिरक्या काचेचा नंबर निघाला. "लाइटांच्या रेघा दिसतात का तुम्हाले? लांबच लांब?"

"त्या सगळ्यांनाच दिसतात ना?"

"नाही."

यशदीप थक्क होऊन बसला. अठ्ठावीस वर्षं त्याला वाटत होतं की दिवा असाच असतो. तिनं त्याला फ्रेमसकट दुकानाच्या दारात उभं केलं. समोर भांड्यांची दुकानं होती. तो बराच वेळ पाहत राहिला. "त्या घागरीवर ठोके आहेत," तो पुटपुटला. "एक एक ठोका दिसून राहिला."

मग तो तिच्याकडं वळला आणि बोलायचंच थांबला.

"काय झालं?"

"तुमच्या... भुवईपाशी तीळ आहे."

"लहानपनापासून आहे."

"मले आज दिसला."

रुचितानं त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली आणि नंबर लिहायला टेबलाकडं गेली. डाव्या डोळ्याचा नंबर तिनं उजव्याच्या रकान्यात लिहिला, खोडला, आणि पुन्हा तिथंच लिहिला.

---

त्याची चार पानं तिनं शुक्रवारी संध्याकाळी नीट वाचून काढली. त्यात एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं: 'ग्राफिक कार्ड आहे, पण झोपलेलं. काहून?' त्या 'काहून'खाली दोन रेघा होत्या.

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि कॉम्प्युटरच्या मागं आडवी झाली. स्क्रीनची वायर एका खाचेत होती. तिच्या बरंच खाली तश्शीच दुसरी खाच होती, प्लॅस्टिकचं टोपण लावलेली. एकसारख्या दोन खाचा कशाला?

"आई! दिवाळीत हे कोनी पुसलं होतं?"

"मीच. सगळ्या वायरी काढून. मग तुझ्या बाबानं परत लावल्या."

रुचितानं टोपण काढलं आणि वायर वरून काढून खालच्या खाचेत घातली. ती खाच त्या मोठ्या पंख्यावाल्या कार्डाची होती. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा आत काहीतरी घुर्र करून जागं झालं. तिनं चॅनेल लावलं. कुठल्याशा नदीवर पहाट होती, पाण्यावरच्या वाफेचा एक एक धागा वेगळा दिसत होता, आणि एक बगळा संथपणे, कुठंही न अडकता, स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत गेला.

तिनं फोन लावला. "वायर वरच्या खाचेत होती. मी खालच्यात लावली."

 पलीकडं कपाळावर हात मारल्याचा आवाज. "मी तिथं पाहिलंच नाही! सगळ्या जगाचं वाचलं आन्... तुम्ही कसं पाहिलं?"

"तुम्हीच विचारलं होतं. काहून म्हणून." ती थांबली. "रविवारी या. फायनल आहे. बाबांना अजून काही सांगितलं नाही."

---

फायनल व्हॉलीबॉलची होती, राष्ट्रीय स्पर्धेची. लहानूंनी नोकरीत असताना वीस वर्षं रेल्वे कॉलनीतल्या मुलामुलींना संध्याकाळी व्हॉलीबॉल शिकवला होता. त्यांतलीच एक, सोनिया, निळ्या संघातून खेळत होती. सेमीफायनल लहानूंनी जुन्या टीव्हीवर पाहिली आणि सोनिया कोणती तेच त्यांना ओळखू आलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

यशदीप नव्या चष्म्याची वाट पाहत जुन्याच डोळ्यांनी आला होता. त्यानं आणि रुचितानं स्क्रीन उचलून पुढच्या खोलीत कपाटावर ठेवली. लहानू तक्रार करत खुर्चीत बसले. "फुटणारंच आहे ते. ऐकतो मी नुसतं."

सामना सुरू झाला. पहिली पाच मिनिटं ते खरंच नुसतं ऐकत होते, मान खाली घालून. मग चेंडूवर जोराचा फटका बसल्याचा आवाज आला आणि जुन्या सवयीनं मान वर झाली.

"आऊट!" ते ओरडले. "रेषेच्या बाहेर, बोटभर!"

पंचानं क्षणभरानं झेंडा वर केला. आऊट.

 लहानू पुढं सरकले. "ती... ती सोनिया आहे. तर्जनीले पट्टी बांधली तिनं. मी किती सांगितलं होतं, ब्लॉक करताना बोटं ताठ ठेव म्हणून..."  मग सावकाश एक हात उचलून त्यांनी उजवा डोळा झाकला. फक्त डाव्यानं पाहिलं, ऑपरेशन न झालेल्यानं. मग डावा झाकून उजव्यानं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. रुचिता पाहत होती. तिला माहीत होतं ते काय शोधत आहेत, पण ते त्यांचं त्यांनाच सापडायला हवं होतं.

"कमला," ते म्हणाले, "सोनियाची जर्सी कोनत्या रंगाची आहे?"

"निळी. काहून?"

"एकदम निळी?"

"एकदम."

"या डोळ्यानं शेवाळलेली दिसते. जशी तळ्यातून काढली. आन् या नव्यानं..."  पदरानं हात पुसत कमला त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "माय, दवाखान्यात फोन तर नाही केला ना तू?"

"नाही, बाबा."

"नको करू. मंगळवारी किती वाजता निघायचं तेवढं सांग."

रुचिता उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच भांडं विसळत राहिली. मागं पावलं वाजली. यशदीप दारात होता. त्यानं काही विचारलं नाही. पहिल्यांदाच काही विचारलं नाही. कोपऱ्यातला नॅपकिन काढून तिच्या हातात दिला आणि परत सामना पाहायला गेला.

सोनियाचा संघ हरला. लहानूंनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

---

मंगळवारी दुसरा डोळाही झाला. छान झाला. त्यानंतर दोन रविवार गेले आणि यशदीप आला नाही.

त्यानं एकदा फोन केला, तर तो लहानूंनी उचलला, दहा मिनिटं सोनियाच्या सर्व्हिसवर बोलले आणि रुचिता हात पुढं करून उभी असताना ठेवून दिला. तो चष्मा घ्यायला गोल बाजारात आला तो नेमका तिच्या सुट्टीच्या दिवशी. टीव्ही उत्तम चालला होता. छत्री जागच्या जागी होती. क्वालिटी बहात्तरवरून तसूभर हलत नव्हती. कशातच काही बिघाड नव्हता, आणि रुचिताला कधी नव्हे तो त्या छत्रीचा राग येऊ लागला.

तिसऱ्या शनिवारी सकाळी ती गच्चीवरून उतरली तेव्हा कमला जिन्यात उभी होती.

"वर काय करून राहिली होती?"

"बड्या पाहायले गेली होती."

"बड्या तर मी परवाच उचलल्या." कमलानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं, आणि झाडू घेऊन निघून गेली.

दुपारी रुचितानं फोन लावला. "सिग्नल गेला."

"क्वालिटी किती?"

"शून्य."

"स्ट्रेंथ?"

"तीबी शून्य."

"दोन्ही शून्य? असं होत नाही..." आणि मग, थोडं थांबून, "येतो मी."

चाळीस मिनिटांत तो आला. नाकावर काळ्या काडीचा नवा चष्मा, त्यात तो थोडा मास्तरासारखा दिसत होता. लहानूंना जयभीम घालून तो सरळ गच्चीवर गेला. रुचिताही गेली, पाना घेऊन. ऊन कलत आलं होतं. शेजारच्या गच्चीवर कुणाचं तरी पांढरं धोतर फडफडत होतं.

छत्रीपाशी तो वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"वायर निघाली आहे," तो म्हणाला.

"हवेनं निघाली असन."

"हवेनं आटे उघडत नाहीत."

"मग माकडानं."

"माकड तोडते." त्यानं वायरचं टोक तिला दाखवलं. टोकाला एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर रबरबँड लावलेला होता, घट्ट, नेटका. "दव पडून तांबं खराब होऊ नये म्हणून पिशवी बांधनारं माकड... मी तरी पाहिलं नाही."

रुचिताचे कान गरम झाले. तिनं धोतराकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं. पळून जायला जिना होता. पण ती तिथंच उभी राहिली.

"तुम्ही येतच नव्हते," ती म्हणाली.

"काही बिघडलं नव्हतं ना. मी दोनदा निघालो. एकदा तर नाक्यापर्यंत आलो. मग वाटलं, काका दारात विचारतील, काय काम काढलं... तर काय सांगू?"

"जे आहे ते सांगायचं."

"काय आहे ते?"

"ते तुम्ही सांगा! नेहमी तुम्हीच विचारता, आन् मी सांगत बसते."

तो उठून उभा राहिला. चष्मा काढला, शर्टानं पुसला, पुन्हा लावला. "परवा एक नवीन चॅनेल सापडलं. कोनत्या देशाचं, कोनती भाषा, काही कळलं नाही. एक म्हातारी दगडावर भाकरीसारखं काहीतरी भाजून राहिली होती, आन् मधेच हसत होती. मी म्हटलं, रुचिता, हे पाहा..." तो थांबला. "मोठ्यानं म्हटलं. आन् बाजूले कोनीच नव्हतं. सगळं एवढं सापडते, पण दाखवायले... मले वाटते, आता एकट्यानं पाहण्यात मजा नाही राहिली. तुमच्याशिवाय नाही. हे आहे ते."

धोतर फडफडायचं थांबलं होतं. की तिलाच ते ऐकू येत नव्हतं?

"मलेबी हेच वाटते," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मलेबी."

खालून जिन्यातून लहानूंची हाक आली. "आलं का चित्र? मी येऊ का वर?"

पाठोपाठ कमलाचा आवाज. "बसा तिथंच. ते काही टीव्हीचं काम नाही."

"मंग कायचं काम आहे?"

कमला काहीतरी हळू बोलली.  मग लहानू, अगदी वेगळ्याच आवाजात, "अस्सं? ...अवं, मंग चहा ठेव ना! नुसती उभी काय राहिली?"

गच्चीवर दोघंही एकमेकांकडं न पाहता हसत सुटले. यशदीपनं वायर जोडायला घेतली. रोज मिलमध्ये शंभर जोड घट्ट करणारा तो, पण आटे काही केल्या जुळेनात. एकदा तिरकं बसलं, एकदा हातातून निसटलं, तिसऱ्यांदा पिशवीच आत अडकली.

रुचिता त्याच्याजवळ जाऊन बसली. आपला हात तिनं पुढं केला, त्याच्या हातावर ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"दे इकडं," ती म्हणाली. "तुले नाही जमत."